तपकिरी म्हणजे नक्की कोण? सहकारनगरमधल्या एका खाऱ्या टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

टाकीचे मालक निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांना इथे काका म्हणतो, प्रत्यक्षातही तेच म्हणतो. वीसेक वर्षं त्यांनी गोड्या पाण्यातले मासे पाळले, एंजल झाले, डिस्कस झाले, आणि जुलै २०२३ मध्ये सहकारनगरच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खालचा सम्प, म्हणजे गाळणीची दुसरी टाकी, धरून पाणी साधारण ३०० लिटर. मी पुण्यात अशा टाक्यांची देखभाल करतो, दर दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडे जातो. तेव्हा या प्रकरणात माझाही हात आहे आणि काही चुका सरळसरळ माझ्या आहेत.

टाकीत काय नसणार हे आधीच ठरलं होतं. रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रपंखे आणि समुद्रकाकड्याही त्याच यादीत. त्यामुळे समुद्रातून उचललेला ‘लाइव्ह रॉक’ घ्यायचा नाही, दगडी प्रवाळ ठेवायचे नाहीत. मऊ प्रवाळांपैकी मशरूम, झोअँथिड आणि एक लेदर कोरल, दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल आणि काच साफ ठेवायला बारा गोगलगाई, एवढाच संसार. खडक २२ किलो, सिरॅमिकचा, भट्टीतून निघालेला. वाळूही पिशवीतली, कोरडी.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. पण भट्टीतल्या खडकावर काहीच राहत नसतं. समुद्रातल्या दगडावर जीवाणू, डायटम (काचेसारख्या कवचाचं एकपेशीय शेवाळ), बारीक किडे, गुलाबी चुनखडी शेवाळ यांची जागेसाठी रेटारेटी चाललेली असते. आमच्या टाकीत सगळे प्लॉट रिकामे होते, आणि रिकाम्या प्लॉटवर आधी कोण घुसतं हे पुण्यात कुणाला सांगायला नको.

अडचण

ऑगस्टमध्ये वाळूवर तपकिरी भुकटी बसली. हे डायटम. नव्या टाकीत ते येतात, पाण्यातली सिलिका खातात, महिना-दीड महिन्यात ओसरतात. काकांच्या सोसायटीत महापालिकेच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतात, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी बेसॉल्टमधून झिरपून येतं, त्यात सिलिका असतेच. आरओच्या पुढचं डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे, संपत आलं की सगळ्यात आधी निसटते ती सिलिका, आणि टीडीएस मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. मीटर शून्य दाखवत राहतो. मी रेझिन बदलायला सांगितलं. इथवर ठीक होतं.

पण काकांना ती भुकटी डोळ्यांसमोर नको होती. त्यांनी फोनवर फोटो पाठवला, मी गाडी चालवत होतो, सिग्नलला फोटो पाहिला आणि म्हणालो, “फॉस्फेट रिमूव्हर लावा, काका.” हे लोहाचे तांबूस दाणे असतात, पाण्यातलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, शोषून घेतात. मात्रा सांगायची मी विसरलो. काकांनी पुढे स्किमरही (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) मोठा घेतला आणि माशांचं खाणं निम्म्यावर आणलं.

ऑक्टोबरमध्ये खडक पांढरेशुभ्र झाले. काकांनी वहीत लाल शाईने लिहिलं: नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००. मला वही दाखवली ती बोर्डात आलेल्या मुलाची गुणपत्रिका दाखवावी तशी. मीही मान डोलावली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खडकांच्या टोकांवरून तपकिरी तारा लोंबू लागल्या. दिसायला शब्दशः शेंबूड. प्रत्येक तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला, पंपाच्या झोतात हलणारा. हाताने काढलं की संध्याकाळपर्यंत परत. मग गोगलगाई काचेवरून गळून वाळूत उताण्या पडायला लागल्या. दहा दिवसांत बारातल्या नऊ मेल्या.

यात एक गंमत झाली. टाकीचा लाइट सकाळी अकराला लागतो. काका टाकी न्याहाळतात सकाळी चहा घेताना, आणि एक ते चार झोपतात. हा थर रात्री विरतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमाराला सगळ्यात दाट असतो. म्हणजे काका रोज टाकी पाहत होते ती तिच्या सगळ्यात बऱ्या वेळेला. “आज कालच्यापेक्षा कमी वाटतंय रे,” हा निरोप मला सलग आठवडाभर येत होता.

पहिला निर्णय, न ओळखता घेतलेला

एका ओळखीच्या हौशी माणसाने फोटोवरून सांगितलं, हे सायनो आहे (शेवाळासारखे दिसणारे जीवाणू), अँटिबायोटिक टाका. दुसरा म्हणाला, डायटमच आहेत, रेझिन बदला. तिसऱ्याचं म्हणणं, तीन दिवस अंधार करा. तिघांनी पाहिलेला फोटो एकच, तोही निळ्या एलईडीखाली काढलेला. निळ्या उजेडात तपकिरी, मरून, जांभळं सगळं एकाच रंगाचं दिसतं. अशा फोटोवरून निदान करणं म्हणजे रात्री पिवळ्या बल्बखाली साडीचा रंग ठरवणं.

अँटिबायोटिकला मी नको म्हटलं, पण त्यामागे ज्ञान कमी आणि भीती जास्त होती. अंधाराला हो म्हटलं. दिवाळीचा आठवडा होता. बाहेर आकाशकंदील, गॅलरीत पणत्या, आणि हॉलमध्ये टाकीला काळी चादर गुंडाळलेली. तीन दिवसांनी चादर काढली तर खडक स्वच्छ. काकांनी मला फराळाचा डबा दिला. चौथ्या दिवशी दुपारी तारा परत लोंबत होत्या, आणि या वेळी लेदर कोरलही मिटलेलं होतं.

ओळख

काकांची भाची एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिने विचारलेला प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता: “मामा, हे कुणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय का?”

सूक्ष्मदर्शक यायला चार दिवस होते, तोवर घरगुती चाचणी केली. थोडा थर पाण्यासकट बाटलीत घेतला, तारा पूर्ण मोडेपर्यंत बाटली जोरात हलवली आणि ते पाणी चहाच्या गाळणीत टिश्यू पेपर घालून गाळलं. खाली आलेलं पाणी जवळपास नितळ. ते काचेच्या ग्लासात खिडकीपाशी ठेवलं. तासाभरात ग्लासात तपकिरी धागे पुन्हा एकमेकांना येऊन चिकटले होते. सायनोचे तंतू टिश्यूतच अडकतात, आणि डायटम असे परत जुळून तारा करत नाहीत. गाळणीतून निसटून पुन्हा एकत्र येणारे पोहणारे असतात. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे एकपेशीय जीव, थोडक्यात डायनो. कोकणात कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात, ती नॉक्टिलुका याच कुळातली.

मग रविवारी डायनिंग टेबलवर सूक्ष्मदर्शक मांडला. ड्रॉपरने तारेचा तुकडा काचपट्टीवर, वर कव्हरस्लिप, ४० पटीचं भिंग. भाचीने फोकस केला आणि बाजूला झाली. दिसलं ते असं: लिंबाच्या बीसारख्या पेशी, एक टोक गोल, एक निमुळतं. प्रत्येक बी निमुळत्या टोकाने कशाला तरी अडकलेली आणि त्याच जागी गरगर फिरणारी, घाण्याच्या बैलासारखी. मधेच एखादी सुटायची, डगमगत पुढे जायची, परत कुठेतरी टोक टेकवून फिरायला लागायची. हे ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोचाच एक प्रकार. काका वीस मिनिटं डोळा काढेनात.

तुलनेसाठी भाचीने काचेवरचा थोडा मळ दुसऱ्या पट्टीवर घेतला. त्यात दोन-चार डायटम होते: होडीच्या आकाराचे, कडा काचेसारख्या रेखीव, सरळ रेषेत घरंगळणारे. एक सायनोचा तंतूही सापडला, एकसारखा बारीक दोरा, आत आडव्या रेघा. तिन्ही एकदा शेजारीशेजारी पाहिले की परत गल्लत होत नाही. टाकीत मात्र तिघांना आम्ही एकच नाव देत होतो: ‘तपकिरी घाण’.

ऑस्ट्रिऑप्सिस म्हटल्यावर गोगलगाईंचा उलगडा झाला. याच्या काही जाती पॅलिटॉक्सिनसारखी विषं बनवतात. इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर २००५ च्या उन्हाळ्यात याची एकदम प्रचंड वाढ झाली तेव्हा समुद्रावर गेलेल्या सुमारे २०० जणांना ताप, खोकला, श्वासाच्या तक्रारी घेऊन दवाखाना गाठावा लागला होता. हे सांगितल्यावर काका सहज बोलून गेले की पाणी काढताना ते नळी तोंडाने ओढून सुरू करतात, आणि गेल्या आठवड्यात त्यानंतर तोंड दिवसभर कडू होतं. मी तिथल्या तिथे ती नळी काढून घेतली. पुढच्या रविवारी दाबायचा पंप, हातमोजे आणि चष्मा आणला.

पर्याय

शत्रू कळल्यावर जुने पर्याय नव्याने तपासले.

अँटिबायोटिक बाद. सायनो हे जीवाणू असतात म्हणून त्यांच्यावर ते चालतं. डायनो जीवाणू नाहीत. टाकलं असतं तर डायनोशी स्पर्धा करणारे जीवाणूच मेले असते आणि मैदान आणखी मोकळं झालं असतं.

पाणी बदलणं ही काकांची आवडती तोड, गोड्या पाण्यातली सवय. पण आमची अडचण पाणी घाण असल्याची नव्हतीच. नायट्रेट आणि फॉस्फेट तळाला गेले की हिरवं शेवाळ आणि डायटम उपाशी मरतात. डायनो तग धरतात, कारण त्यांतले बरेच प्रकाशावर जगतात आणि शेजाऱ्यालाही खातात. प्रत्येक पाणीबदलाने आम्ही ती उपासमार वाढवत होतो.

सगळं मोडून नव्याने मांडण्याची तयारी काकूंची होती, अर्थात मांडण्याची नव्हे, फक्त मोडण्याची. पण नव्याने मांडली तरी खडक तोच सिरॅमिकचा. चार महिन्यांनी इथेच आलो असतो.

राहिला तो मार्ग काकांना पटायला तीन कप चहा लागला: टाकीत मुद्दाम नायट्रेट-फॉस्फेट घालायचं आणि सोबत यूव्ही, म्हणजे नळीतून जाणाऱ्या पाण्यातले जीव मारणारा अतिनील दिवा, लावायचा. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री खडक सोडून पाण्यात तरंगतं. टाकी सकाळी बरी आणि दुपारी वाईट दिसण्याचं कारण तेच, आणि चादरीखाली खडक स्वच्छ दिसले तेही त्यामुळेच. ते मेलं नव्हतं, पाण्यात होतं. तरंगणारी गोष्ट यूव्हीच्या नळीतून जाऊ शकते.

“म्हणजे मी चार महिने साफ केलं, आता तू घाण करणार,” काका म्हणाले.

“हो काका. मोजून.”

कृती

फॉस्फेट रिमूव्हर काढला. पाणीबदल बंद. स्किमर फक्त रात्री. विष शोषून घ्यायला ॲक्टिव्हेटेड कार्बन, दर आठवड्याला नवा.

सोडियम नायट्रेट: ३०० लिटरमध्ये नायट्रेट ५ पीपीएमने (लिटरमागे ५ मिलिग्रॅमने) वाढवायला साधारण २ ग्रॅम लागतं. ट्रायसोडियम फॉस्फेट, स्फटिकाच्या बारा पाण्यांसकटचं, ०.०५ पीपीएमसाठी सुमारे ६० मिलिग्रॅम. एवढं वजन घरी अचूक होत नाही म्हणून एक लिटर आरओ पाण्यात ६ ग्रॅम विरघळवून बाटली केली, मग १० मिलि म्हणजे ६० मिलिग्रॅम. काका इंजिनिअर असल्याचा इथे फायदा झाला, वहीत तक्ता तयार.

नायट्रेट दोन दिवसांत टिकलं. फॉस्फेट टिकेना. संध्याकाळी ०.०५, सकाळी ०.०१. कोरा खडक ते पिऊन टाकत होता. तक्त्यात अकरा दिवस तोच आकडा रोज वरून खाली पडलेला दिसतो, बाराव्या दिवशी सकाळी ०.०४ आलं आणि मग घसरलं नाही.

यूव्ही ३६ वॅटचा घेतला. तो सम्पमध्ये न जोडता पाणी थेट वरच्या टाकीतून ओढून टाकीतच सोडलं, तासाला दोन-तीनदा सगळं पाणी फिरेल इतपत वेगाने. सम्पमध्ये लावला असता तर तरंगणाऱ्या पेशींपैकी फार थोड्याच तिथवर पोचल्या असत्या. रोज लाइट जायच्या आधी खडकावरच्या तारा मऊ ब्रशने उडवायच्या, म्हणजे रात्री त्या यूव्हीच्या तोंडी.

औंधमधल्या एका मित्राच्या सहा वर्षं जुन्या टाकीतून स्पंज पिळून मगभर गढूळ पाणी आणलं आणि ओतलं. त्या मगात काय काय जिवंत होतं ते मोजलेलं नाही, पण बारीक कोपेपॉड (पिसवेएवढे कवचधारी जीव) भिंगाशिवाय दिसत होते.

चौथ्या दिवशी तारा आखूड झाल्या. नवव्या दिवशी खडकावर काही नव्हतं. काचेवर हिरवी धूळ बसली होती, आणि हिरवं शेवाळ बघून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

इथे मी पुन्हा चुकलो

खडक स्वच्छ, पण वाळू दुपारी अजून तपकिरी. मी गृहीत धरलं की ऑस्ट्रिऑप्सिसच उरलंय. यूव्हीचा दिवा कमकुवत असेल, वेग जास्त असेल, नळी वाकली असेल. दिवा बदलला, पंप बदलला, जोडणी उलटी करून पाहिली. यात दोन आठवडे आणि काकांचे बऱ्यापैकी पैसे गेले. सूक्ष्मदर्शक तीन फुटांवर टेबलावर होता. पण एकदा ओळख पटलीय म्हटल्यावर परत पाहायचं सुचलं नाही.

पाहिलं ते भाचीने, जानेवारीत. वाळूवरचा थर ड्रॉपरने घेतला आणि मला हाक मारली. या पेशी वेगळ्या होत्या: चपट्या, लांबट गोल, वर चोचीसारखं इवलंसं वाकडं डोकं. कुठेही न अडकता चहूकडे सुसाट सरकणाऱ्या. ॲम्फिडिनियम, डायनोचाच दुसरा प्रकार. हे वाळू सोडून पाण्यात फारसं येतच नाही, त्यामुळे यूव्ही कितीही वॅटचा लावा, त्याच्या हाती काही लागत नाही. दोघं पहिल्यापासून एकत्र होते. आम्ही नमुना घेतला होता फक्त खडकावरून.

ॲम्फिडिनियमसाठी उपाय आहे तो हौशी लोकांत आता बऱ्यापैकी रुळलेला: वाळूवर डायटमना जोर द्यायचा, म्हणजे ते जागा आणि अन्न दोन्ही पळवतात. डायटमना लागते सिलिका. ज्या सिलिकेसाठी ऑगस्टमध्ये रेझिन बदललं, तीच आता सोडियम सिलिकेटच्या रूपात थेंबाथेंबाने टाकायची होती, पाण्यात १ पीपीएमच्या आसपास राहील अशी. बोअरचं पाणी थेट वापरावं असं काकांनी सुचवलं. त्यात सिलिकेसोबत आणखी काय काय येईल त्याचा भरवसा नाही म्हणून ते टाळलं.

दहा दिवसांत वाळू आधीपेक्षा जास्त तपकिरी झाली. काका भडकले. “अरे, तपकिरी घालवायला तपकिरीच आणलंस?” डोळ्यांना खरंच फरक कळत नव्हता, फक्त हा थर कोरडा भुकटीसारखा होता, तार सुटत नव्हती, आणि रात्रीही जागेवर राहत होता. बाकी निवाडा काचपट्टीवर. दर रविवारी वाळूतल्या एकाच कोपऱ्यातून नमुना घ्यायचा आणि भिंगाखालच्या एका वर्तुळात किती ॲम्फिडिनियम दिसतात ते मोजायचं. वहीतले आकडे: ४१, ३८, २२, ९, ३. काका तिसऱ्या आकड्यानंतर बोलायचे थांबले.

परिणाम

मार्चच्या सुरुवातीला सिलिकेट बंद केलं, डायटम आपोआप ओसरले. लेदर कोरल फेब्रुवारीतच उघडलं होतं. एक मशरूम गेला. मासे सगळे वाचले. नवीन गोगलगाई आधी दोनच आणल्या, त्या तीन आठवडे काचेवर चिकटून राहिल्या तेव्हा आणखी सहा.

मार्चच्या मध्याला मागच्या डाव्या कोपऱ्यात मरून रंगाचा थर आला. काकांनी मला फोन करण्याआधी पट्टी केली होती. “सायनो आहे. दोरे आहेत, आडव्या रेघा आहेत, आणि सायीसारखा अख्खा सोलून निघतोय.” त्यांनी तो पंपाने ओढून काढला, त्या कोपऱ्याकडे एक वेव्हमेकर (पाण्यात झोत सोडणारा पंप) वळवला, बाकी काही टाकलं नाही. दोन आठवड्यांत गेला.

जूनमधलं शेवटचं मोजमाप: नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०८.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, ऑगस्टमधल्या डायटमना हात लावायला नको होता. ती टाकीची पहिली वस्ती होती, आम्ही ती उठवली.

दुसरं, फॉस्फेट रिमूव्हर लावायचाच तर चिमूटभर लावून दर दोन दिवसांनी मोजायला हवं होतं. ०.०३ च्या खाली आकडा आला की काढायचा. फोनवर, सिग्नलला, मात्रेशिवाय सल्ला दिला ती चूक माझी.

तिसरं, फोटो. आता कुणाचाही फोटो आला की मी आधी तीन गोष्टी मागतो: पांढऱ्या उजेडातला फोटो, त्याच जागेचा सकाळी लाइट लागण्याआधीचा आणि दुपारी तीनचा, आणि चमच्याने ढवळल्यावर थर भुकटी होतो, तार सुटते की साय निघते त्याचा छोटा व्हिडिओ. एवढ्यानेही निम्म्या वेळा उत्तर जवळ येतं. उरलेल्या वेळी पट्टी.

चौथं, नमुना एका जागेचा घ्यायचा नाही. खडक, वाळू, काच, तीन वेगळे ड्रॉपर, तीन पट्ट्या, त्यावर पेनने जागा लिहिलेली. हे पहिल्याच रविवारी केलं असतं तर महिना वाचला असता. आणि अंधाराचा उपाय चूक नव्हता, एकटा चूक होता. त्या तीन रात्री यूव्ही चालू असता तर चादरीखाली तरंगणारं ऑस्ट्रिऑप्सिस तिथेच सापडलं असतं. पुढे बिबवेवाडीतल्या एका टाकीत मी दोन्ही एकत्र केलं, खडक सहा दिवसांत मोकळे झाले. तिथे वाळूची पट्टी आधीच पाहिली होती, ॲम्फिडिनियम नव्हतं.

सूक्ष्मदर्शक अजून काकांकडेच आहे, देवघराशेजारच्या शेल्फवर. भाचीने दोनदा मागितला. हल्ली ते तीननंतर झोपतात.